फायर, पोलीस, अँब्युलन्सवाल्यांनी शहराशी पगाराचा वाद कसा लढायचा

मी अग्निशमन दलात होतो, आणि त्यातली बरीच वर्षं पगाराच्या बोलणीच्या कमिटीवर काढली. पहिल्यांदा बोलणीला गेलो तेव्हा आमच्याकडे एकच वाक्य होतं, पगार कमी पडतोय. समोर हिशेब खात्याच्या एक मॅडम बसल्या होत्या, त्यांनी शांतपणे विचारलं, कशाच्या मानाने कमी? आणि आम्ही सातही जण एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. आमचं म्हणणं खोटं नव्हतं हो, पण दाखवायला हातात काहीच नव्हतं. त्या दिवसापासून जे शिकलो ते इथे लिहितोय, जे लोक आग विझवतात, गस्त घालतात, अँब्युलन्स चालवतात आणि ज्यांचा पगार शहराच्या तिजोरीतून येतो त्यांच्यासाठी. देशाप्रमाणे कायदा बदलतो, म्हणून तुमच्याकडचा नियम तुमच्या वकिलाकडून तपासूनच घ्या, पण कामाची पद्धत सगळीकडे जवळपास सारखीच आहे.

आधी ठरवा, वाद नेमका कुठला आहे

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि नव्वद टक्के लोक हेच करत नाहीत. पगाराचे वाद दोन प्रकारचे असतात. एक म्हणजे जे आधीच ठरलंय, करारात किंवा कायद्यात लिहिलंय, ते मिळत नाही. दुसरा म्हणजे जे अजून ठरलेलंच नाही ते ठरवायचंय, म्हणजे पुढच्या करारात किती टक्के वाढ, कुठला भत्ता. पहिला हक्काचा वाद, दुसरा हिताचा वाद. पहिल्यात तुम्ही तक्रार करता, मग अपील, मग कोर्ट, आणि तिथे फक्त कागद बोलतो. दुसऱ्यात तुम्ही बोलणी करता, मग मध्यस्थ, मग लवाद, म्हणजे दोन्ही बाजू ऐकून निर्णय देणारा त्रयस्थ, आणि तिथे तुलना, महागाई, शहराची ऐपत हे सगळं येतं.

दोन्ही एकत्र करून एकाच निवेदनात घातले की काय होतं सांगतो. शहर म्हणतं, ठीक आहे, हा सगळा विषय पुढच्या करारात बघू. आणि जी थकबाकी तुमच्या हक्काची होती, जिच्यावर घासाघीस करायचं कारणच नव्हतं, ती पण टेबलावर सौद्याची वस्तू होऊन बसते. आमचं एकदा असंच झालं. तीन वर्षांच्या नाइट भत्त्याचा फरक आम्ही पगारवाढीच्या मागणीतच लिहिला आणि शेवटी वाढ अर्धा टक्का जास्त मिळावी म्हणून तो फरक सोडून द्यावा लागला. त्या फरकावर सही करून पाणी सोडताना रिटायर व्हायला आलेला एक सहकारी काही न बोलता उठून बाहेर गेला, ते अजून डोळ्यांसमोर आहे. म्हणून दोन फायली करा, दोन वेगळी पत्रं, दोन वेगळ्या तारखा.

हक्काचा वाद: तास आधी, टक्के नंतर

पगार म्हणजे दर गुणिले तास, आणि सगळे भांडतात दरावर. पण गळती बहुतेक वेळा तासात असते.

एका रात्री वर्दी, म्हणजे मदतीसाठी येणारे कॉल, कमी होत्या तेव्हा आम्ही स्टेशनच्या जेवणाच्या टेबलावर तिघांच्या पे स्लिप, मस्टर आणि स्टेशनचं लॉगबुक शेजारी शेजारी पसरून बसलो. मस्टरवर ड्युटी सकाळी आठला चालू. लॉगबुकात मात्र सात चाळीसच्या नोंदी, बीए सेट, म्हणजे धुरात श्वास घ्यायची उपकरणं, तपासले, सिलिंडरचं प्रेशर बघितलं, पंप चालू करून पाहिला, आधीच्या शिफ्टकडून चार्ज घेतला, खाली सही. म्हणजे प्रत्येक ड्युटीला वीस मिनिटं काम, आणि त्याचा पैसा शून्य. महिन्याला चोवीस तासांच्या दहा ड्युटी धरल्या तर 200 मिनिटं, वर्षाला 2400, म्हणजे पूर्ण 40 तास. एका माणसाचे. ते आकडे वहीच्या मागच्या पानावर लिहिले आणि कुणीच काही बोललं नाही, कारण वर्षानुवर्षं आम्ही ती वीस मिनिटं म्हणजे आपली शिस्त समजत होतो. शिस्त आहेच, पण ते कामही आहे.

तर तुम्ही काय करायचं, एक साधी वही घ्या किंवा फोनमध्ये शीट करा, आणि रोज लिहा, प्रत्यक्ष आलो कधी, सुटलो कधी, शिफ्ट संपल्यावर आलेली वर्दी किती वाजेपर्यंत चालली, कोर्टात साक्षीला गेलो तर किती वेळ, ट्रेनिंगला सुट्टीच्या दिवशी बोलावलं का, घरी असताना स्टँडबाय होतो का आणि असताना खरोखर घर सोडता येत होतं का. हे रोजच्या रोज लिहायचं, महिन्याच्या शेवटी आठवून नाही. आठवून लिहिलेली वही समोरचा वकील पाच मिनिटांत फाडतो. आणि अधिकृत नोंदींच्या प्रती ठेवा, पण रीतसर मागून. गुपचूप फोटो काढून पेशंटची किंवा तक्रारदाराची नावं बाहेर गेली तर पगाराचा विषय बाजूला राहतो आणि तुमच्यावरच चौकशी लागते.

मग बघायचं की ओव्हरटाइम कुठल्या हिशेबाने लावतात. बऱ्याच ठिकाणी आग आणि पोलीस यांना नेहमीचा आठवड्याचा नियम लागत नाही. अमेरिकेचं उदाहरण घ्या, तिथे 1985 मध्ये सुप्रीम कोर्टाने गार्सिया खटल्यात ठरवलं की केंद्राचा किमान वेतन आणि ओव्हरटाइमचा कायदा शहरांनाही लागू आहे, पण त्याच कायद्यात आगवाल्यांसाठी आणि पोलिसांसाठी वेगळी मोजणी आहे, 28 दिवसांचा काळ धरला तर आगवाल्यांना 212 तासांच्या वर आणि पोलिसांना 171 तासांच्या वर ओव्हरटाइम. म्हणजे तिथला फायरमन एका आठवड्यात साठ तास राबला तरी तेवढ्यावरून ओव्हरटाइम झाला असं म्हणता येत नाही, 28 दिवसांची बेरीज काढावी लागते. तुमच्याकडे काळ किती दिवसांचा धरतात, तो कुठल्या तारखेला चालू होतो, आणि रजेचे तास त्यात मोजतात की नाही, या तीन प्रश्नांची उत्तरं लेखी मागा. तोंडी उत्तर घेऊ नका.

दुसरी गळती म्हणजे ओव्हरटाइमचा दर. दीडपट म्हणतात, पण कशाच्या दीडपट? नुसत्या बेसिकच्या की भत्ते धरून? कॅलिफोर्नियातल्या सॅन गॅब्रिएल शहरात पोलिसांना आरोग्य विमा नको असेल तर त्याच्या बदल्यात रोख पैसे मिळायचे, आणि शहर ते पैसे ओव्हरटाइमचा दर काढताना धरत नव्हतं. पोलीस कोर्टात गेले आणि 2016 मध्ये तिथल्या फेडरल अपील कोर्टाने सांगितलं की ही रक्कम दरात धरायलाच पाहिजे. एवढीशी गोष्ट वाटते, पण त्यानंतर कितीतरी शहरांना आपापले हिशेब उघडून बघावे लागले. तुमच्या पे स्लिपवरच्या प्रत्येक ओळीसमोर लिहा, ही ओळ ओव्हरटाइमच्या दरात धरली जाते का, हो की नाही. जिथे नाही, तिथे का नाही ते विचारा.

आणि मुदत! यावर मी हात जोडून सांगतो. थकबाकी कितीही खरी असली तरी बहुतेक कायद्यात मागे किती वर्षांपर्यंत जाता येतं त्याला मर्यादा असते. अमेरिकेतल्या त्याच कायद्यात ती दोन वर्षं, आणि मालकाने जाणूनबुजून केलं हे सिद्ध झालं तर तीन. करारातल्या तक्रारीची मुदत तर काही ठिकाणी दिवसांत मोजतात. साहेब म्हणतात बघतो, पुढच्या महिन्यात बघतो, आणि तुम्ही चांगुलपणाने थांबता, आणि तो प्रत्येक महिना मागच्या टोकाने तुमच्या पैशातून कापला जातो. संबंध चांगले ठेवा, पण तक्रारीचं पत्र तारीख घालून, पोच घेऊन आधी द्या.

शब्द नीट वाचा, दशकं जातात

डॅलस शहरात 1979 मध्ये मतदारांनी पोलीस आणि आगवाल्यांच्या पगारवाढीचा ठराव मंजूर केला, त्यात एक वाक्य होतं की हुद्द्याहुद्द्यांमधला टक्केवारीतला फरक कायम राहील. कर्मचाऱ्यांचं म्हणणं, हा नियम कायमचा, वरच्यांना वाढ दिली की त्याच प्रमाणात खालच्यांनाही द्यायची. शहर म्हणालं, ते फक्त त्या एका वाढीपुरतं होतं. 1990 च्या दशकात खटले दाखल झाले आणि 2018 मध्ये शहराने त्यातल्या मोठ्या खटल्यांसाठी 17 कोटी डॉलरच्या वर तडजोड केली. एका वाक्याचा अर्थ लावण्यात एवढी वर्षं. खटला टाकताना तरणा असलेला माणूस तडजोड होईपर्यंत म्हातारा झाला.

न्यू ऑर्लिन्सचं आणखी वाईट. राज्याच्या कायद्याने आगवाल्यांना सेवेच्या वर्षांप्रमाणे दोन टक्क्यांची वाढ ठरवून दिलेली, शहराने ती नीट दिली नाही, वाद 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपासून कोर्टात. निकाल बाजूने लागले तरी पैसे हातात येईनात, कारण शहराची मालमत्ता जप्त करून वसुली करणं खासगी कंपनीसारखं सोपं नसतं. 2015 मध्ये तर न्यायाधीशाने महापौर मिच लँड्रू यांना शनिवार रविवार घरात नजरकैदेत ठेवण्याची ताकीद दिली, आणि त्याच वर्षी साडेसात कोटी डॉलरवर तडजोड झाली, ती पण हप्त्याहप्त्याने.

यातून करायची गोष्ट ही की करार लिहिताना "योग्य वाढ", "आवश्यकतेनुसार", "शक्यतो" असले शब्द आले की थांबा आणि विचारा, म्हणजे किती, कधी, कुठल्या तारखेपासून. आणि प्रत्येक नियमाखाली एक उदाहरण करारातच लिहून घ्या, अमुक हुद्दा, अमुक बेसिक, अमुक तास, तर रक्कम इतकी. समोरचे म्हणतील एवढं कशाला लिहायचं, आपला विश्वास आहे ना. विश्वास आहेच, पण पाच वर्षांनी त्या खुर्चीत दुसरं कुणीतरी बसलेलं असतं.

हिताचा वाद: तीन आकडे घेऊन जा

आता नव्या कराराचं. इथे "आम्ही जीव धोक्यात घालतो" हे वाक्य खरं आहे, सांगावंच, पण एकदाच सांगा. ते सगळ्यांना मान्य असतं आणि म्हणूनच त्याने आकडा हलत नाही.

पहिला आकडा महागाईचा. मागच्या करारापासून भाव किती वाढले आणि पगार किती वाढला. भाव 6 टक्के वाढले आणि पगार 4 टक्के, तर तुमचा पगार वाढलेला नाही, 1.9 टक्क्यांनी घटलाय. हे सरकारी निर्देशांकावरून काढा, स्वतःच्या घरखर्चावरून नको.

दुसरा तुलनेचा, आणि इथे प्रामाणिक राहा. सगळ्यात जास्त पगार देणारं शहर तेवढं निवडलं की समोरचे सगळ्यात कमीवालं निवडतात आणि दोन्ही कागद कचऱ्यात जातात. लोकसंख्या, वर्दींची संख्या, घरभाडं, कर गोळा होण्याची ताकद हे जवळपास सारखं असलेली आठ दहा शहरं दोन्ही बाजूंनी मिळून ठरवता आली तर सोन्याहून पिवळं. फक्त बेसिक नाही, आठवड्याचे तास, पेन्शनला कापली जाणारी रक्कम, विमा, सगळं धरून तासाचा दर काढा. 42 तासांच्या आठवड्याचा पगार आणि 56 तासांच्या आठवड्याचा पगार शेजारी ठेवून सारखाच आहे म्हणणारे मी पाहिलेत.

तिसरा माणसांचा आकडा, माझ्या मते सगळ्यात ताकदवान आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा. गाडीवरची एक जागा वर्षभर चोवीस तास भरलेली ठेवायची तर 8,760 तास लागतात. 42 तासांच्या आठवड्याने एक माणूस वर्षाला 2,184 तास देतो, त्यातून रजा, आजारपण, ट्रेनिंगचे समजा 300 तास वजा केले तर उरतात 1,884. भागून बघा, साडेचार माणसांच्याही वर, 4.65. शहराने त्या जागेला चारच माणसं ठेवली असतील तर दर वर्षी 1,224 तास कुठून तरी आणावे लागतात, आणि ते ओव्हरटाइममधूनच येतात. म्हणजे ज्या ओव्हरटाइमच्या खर्चाकडे बोट दाखवून शहर म्हणतं की तुमच्यावर फार खर्च होतोय, तो खर्च शहराच्याच भरती न करण्याच्या निर्णयातून आलेला असतो. तुमच्या दलाचे खरे आकडे घालून हे गणित एका पानावर करा, बोलणीच्या टेबलावर प्रत्येकासमोर एक प्रत ठेवा आणि मग थांबा, त्यांना वाचू द्या.

आता शहराची ऐपत. "पैसे नाहीत" हे उत्तर येणारच, त्यावर चिडू नका, तपासा. बजेट हा अंदाज असतो, ऑडिट झालेला हिशेब हा झालेला खर्च असतो, म्हणून मागच्या पाच वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब काढा आणि तीन ओळी बघा, वर्षअखेर शिल्लक किती राहिली, रिकाम्या जागांसाठी धरलेला पगार न वापरता कुठे वळवला, आणि ओव्हरटाइमचा अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च यात फरक किती. आम्ही हे केलं तेव्हा दिसलं की ओव्हरटाइमला सलग तीन वर्षं मुद्दाम वाटावा इतका कमी आकडा धरला होता आणि दर वर्षी तो ओलांडला होता. त्या मॅडमनी, त्याच ज्यांनी मला कशाच्या मानाने कमी असं विचारलं होतं, तो कागद दोनदा वाचला आणि पुढच्या बैठकीला स्वतःचा वेगळा तक्ता घेऊन आल्या. तिथून खरी बोलणी चालू झाली.

पण कधीकधी पैसे खरंच नसतात, आणि ते मान्य करण्याचं धैर्य आपल्यातही पाहिजे. कॅलिफोर्नियातलं व्हॅलेहो शहर मे 2008 मध्ये दिवाळखोरीत गेलं, तिथे सर्वसाधारण निधीचा साधारण तीन चतुर्थांश भाग पोलीस आणि आग या दोन खात्यांवरच जात होता. घरांचे भाव पडले, कर घटला आणि करार उभे राहिले तसेच. त्यात माणसंही कमी झाली, आगीची स्टेशनंही बंद पडली. हिशेब उघडून खरोखर खडखडाट दिसला तर या वर्षी वाढ मागण्याऐवजी तास कमी करून घ्या, भरतीची तारीख लिहून घ्या, उत्पन्न इतकं वाढलं की वाढ आपोआप लागू अशी अट घाला.

संपाचं काय

हा विषय प्रत्येक बैठकीत निघतो, तरुण पोरं उसळून बोलतात आणि मला त्यांचा राग कधी आला नाही. पण आधी कायदा बघा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा संघटना स्वातंत्र्याचा 1948 चा करार क्रमांक 87, त्याच्या कलम 9 मध्येच लिहिलंय की पोलीस आणि सैन्याला हे हक्क किती द्यायचे ते प्रत्येक देशाचा कायदा ठरवेल. आगवाल्यांना संघटनेचा हक्क आहे, पण संपावर अनेक ठिकाणी बंदी किंवा मर्यादा आहे, कारण ही अत्यावश्यक सेवा. याच संघटनेच्या देखरेख करणाऱ्या समित्या हेही सांगत आल्यात की संपाचा हक्क काढून घेतलात तर त्याच्या बदल्यात निष्पक्ष आणि लवकर चालणारी लवादाची सोय द्यायला पाहिजे. हा मुद्दा पाठ करून ठेवा. तुमच्या शहरात संपाला बंदी आहे आणि लवादही नाही, तर तुमची पहिली मागणी टक्क्यांची नाही, लवादाची असली पाहिजे.

बॉस्टनचं सांगतो. 9 सप्टेंबर 1919 ला तिथल्या 1,544 पोलिसांपैकी 1,117 जण काम सोडून गेले. दिवसपाळीचा माणूस आठवड्याला सत्तर तासांच्या वर राबत होता, युनिफॉर्म स्वतःच्या पैशाने घेत होता, पोलीस ठाण्यांची अवस्था घाणेरडी होती. मागण्या अगदी रास्त होत्या. पण रात्री शहरात लुटालूट झाली, माणसं मेली, राज्याचं गार्ड दल आलं आणि लोकांची सहानुभूती एका रात्रीत गेली. गव्हर्नर कॅल्विन कूलिज ठाम राहिले, संपावर गेलेल्या एकालाही परत घेतलं नाही, आणि पुढे ते देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. मला सगळ्यात लागतं ते पुढचं, त्यांच्या जागी जे नवे भरले त्यांना जास्त पगार आणि फुकट युनिफॉर्म मिळाला. म्हणजे मागणी मान्य झाली, फक्त मागणाऱ्यांना सोडून.

कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये 7 ऑक्टोबर 1969 ला पोलीस एक दिवस, सोळा तास, कामावर नव्हते, कारण टोरोंटोच्या पोलिसांपेक्षा पगार कमी. तेवढ्यात बँका लुटल्या गेल्या, दुकानं फुटली, दोन माणसं मेली, आणि रात्री प्रांताच्या विधानसभेने कामावर परत जायचा कायदाच केला.

सगळ्यांनी एकाच दिवशी आजारी रजा टाकायची हा मार्ग पण सुचवला जातो, अमेरिकेत त्याला ब्लू फ्लू म्हणतात. संपाला बंदी असेल तिथे कोर्ट बहुतेक वेळा यालाही संपच मानतं. न्यूयॉर्क राज्याच्या 1967 च्या टेलर कायद्यात संपाच्या प्रत्येक दिवसासाठी दोन दिवसांचा पगार कापतात, आणि कामावर न येणं एवढ्यावरून संप धरता येतो. आणि खरोखर आजारी असलेला सहकारी त्यात नाहक भरडला जातो.

मग हातात काय उरतं? बरंच. जादा काम जिथे ऐच्छिक आहे तिथे नाही म्हणणं, नियमात आहे तेवढं आणि तसंच काम करणं, सुट्टीच्या दिवशी युनिफॉर्म न घालता शांत निदर्शनं, सभागृहाच्या खुल्या बैठकीत बोलणं. हे प्रत्येक पाऊल टाकायच्या आधी वकिलाला विचारा, कारण ठरवून सगळ्यांनी एकदम ओव्हरटाइम नाकारला तर काही ठिकाणी तोही संपातच मोडतो. वर्दी आली की मात्र गाडी निघायलाच पाहिजे, त्यात एका मिनिटाचाही खेळ नको. आमच्याकडे एकाने उशिरा निघू असं सुचवलं होतं तेव्हा आमच्या सगळ्यात कडक नेत्याने बैठक तिथेच संपवली.

लवादापुढे जायचं तर

आगवाल्यांना आणि पोलिसांना लवाद देणारे कायदे अमेरिकेत 1960 च्या दशकात यायला लागले, ऱ्होड आयलंडने आगवाल्यांसाठी 1961 मध्ये, पेनसिल्व्हेनियाने दोघांसाठी 1968 मध्ये, मिशिगनने 1969 मध्ये केला. लवादाचे दोन प्रकार, एकात लवाद स्वतःच्या मताने मधला आकडा देऊ शकतो, दुसऱ्यात दोन्ही बाजूंच्या शेवटच्या प्रस्तावांपैकी एकच निवडावा लागतो. हे आधी विचारून घ्या, कारण तयारी पूर्ण वेगळी होते. पहिल्यात लोक जास्त मागून ठेवतात. दुसऱ्यात जास्त मागितलं की तुम्ही हरलात, कारण लवाद दोघांतला जास्त वाजवी उचलतो, म्हणून तिथे तुमचा आकडा असा पाहिजे की त्रयस्थ माणसाला तो ऐकून भुवया उंचवाव्या लागणार नाहीत.

साक्षीला नेता नको, काम करणारा माणूस न्या. आमच्यातर्फे एक ड्रायव्हर बोलला, त्याने फक्त एका रात्रीच्या चार वर्दींची लॉगबुकातली नोंद वाचून दाखवली, वेळेसकट, आणि पाचवी वर्दी शिफ्ट संपल्यावर आली तिचा ओव्हरटाइम कुठे गेला ते सांगितलं. दहा मिनिटं. अर्ध्या दिवसाच्या भाषणांनी जे झालं नसतं ते त्या दहा मिनिटांत झालं.

लोकांशी बोलताना पण असंच. वर्तमानपत्राला एकच माणूस बोलेल हे ठरवा. पगार वाढला नाही तर तुमची घरं जळतील अशी धमकी कधीही देऊ नका, लोक ती आयुष्यभर विसरत नाहीत. एका गाडीवर किती माणसं असायला हवीत आणि किती आहेत, एवढंच सांगा.

प्रस्ताव आला की गणित करा

तीन वर्षांचा करार, एक प्रस्ताव 3, 3, 3 टक्के आणि दुसरा 5, 2, 2. बेरीज दोन्हीची नऊ. 100 रुपये पगार धरला तर तिसऱ्या वर्षी पहिल्यात 109.27 आणि दुसऱ्यात 109.24, म्हणजे जवळजवळ सारखं. पण तीन वर्षांत हातात आलेले पैसे पहिल्यात 318.36 आणि दुसऱ्यात 321.34, म्हणजे मूळ वर्षाच्या पगाराच्या जवळपास तीन टक्के जास्त, फक्त वाढ आधी मिळाली म्हणून. उलट 2, 2, 5 दिलं तर जवळपास तेवढंच नुकसान होतं, आणि मथळ्यात मात्र नऊ टक्के वाढ असंच येतं. एकरकमी बक्षीस देऊ केलं तर विचारा, हे बेसिकमध्ये जातंय का, पेन्शनमध्ये धरलं जातंय का. नाही, तर ती रक्कम पुढच्या वर्षी नाहीशी होते.

जुना करार कधी संपला आणि नवा कुठल्या तारखेपासून लागू, मधल्या महिन्यांचा फरक मिळणार का, मध्येच रिटायर झालेल्यांना तो मिळणार का, हे बोलणीच्या शेवटच्या रात्री घाईत सुटतं. सगळे थकलेले असतात, पहाटेचे तीन वाजलेले असतात, आणि नेमका तेव्हाच तो कागद पुढे येतो. सही करायच्या आधी एक माणूस असा ठेवा जो त्या दिवशी बैठकीत नव्हता, झोपून आलाय, त्याला पूर्ण मसुदा मोठ्याने वाचायला लावा. मग सभासदांसमोर ठेवा, सगळा, आपण काय सोडलं ते पण सांगून, आणि गुप्त मतदान घ्या.

आणि करार झाला की पहिली पे स्लिप येईल त्या दिवशी प्रत्येक शिफ्टमधल्या दोघातिघांच्या स्लिप घेऊन परत त्या टेबलावर बसा. आम्ही बसलो तेव्हा दोन शिफ्टमध्ये ती वीस मिनिटं लागली होती आणि तिसऱ्या शिफ्टमध्ये नव्हती, कुणाचा वाईट हेतू नव्हता, कॉम्प्युटरमध्ये त्या शिफ्टचा कोड जुनाच राहिला होता. पत्र त्याच संध्याकाळी दिलं, पोच घेतली, आणि फरक पुढच्या महिन्यात जमा झाला.